मेघवनातील मुक्काम : मॉन्टेव्हर्डे (कोस्टा रिका) येथील इको-लॉज आणि पाण्याचा हिशेब

प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रसंघाने २००२ हे वर्ष निसर्ग-पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. त्यानंतर 'इको' हे उपपद ज्या वेगाने सर्वत्र पसरले, त्या वेगाने त्याचा अर्थ मात्र स्पष्ट झाला नाही. घाटमाथ्यावरील एखाद्या बंगल्याच्या फाटकावर बांबूची कमान उभारली, खोल्यांना पक्ष्यांची नावे दिली आणि जेवणात नाचणीची भाकरी ठेवली की त्या निवासास 'इको-लॉज' म्हणण्यास कोणाची हरकत नसते. पर्यटन भूगोलाचा प्रकल्प लिहिणारे पदवी वर्गातील विद्यार्थी हीच लक्षणे व्याख्या म्हणून उतरवून आणतात. यात विद्यार्थ्यांचा दोष फारसा नाही. त्यांच्या हाती दिली जाणारी पुस्तके हेतू सांगतात, व्यवहार सांगत नाहीत.

प्रस्तुत लेखात हा व्यवहार एका ठिकाणापुरता तपासला आहे. उष्ण कटिबंधातील मेघवनात, म्हणजे ढगांनी वेढलेल्या डोंगरी जंगलात, एक पर्यटक दोन रात्री राहतो तेव्हा नेमके काय घडते? त्याच्या पैशातून काय राखले जाते, त्याच्या राहण्याने काय खर्ची पडते, आणि ज्या ढगासाठी तो एवढ्या लांब येतो तो ढग कोणाच्या हाती असतो? यासाठी मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशातील मॉन्टेव्हर्डे हे ठिकाण निवडले आहे. निसर्ग-पर्यटनाचा तेथील इतिहास अर्धशतकाचा आहे आणि जगातील सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या मेघवनांमध्ये त्याची गणना होते. नलिनी नाडकर्णी व नॅथॅनिएल व्हीलराइट यांनी संपादित केलेला, केवळ या एका जंगलाला वाहिलेला बृहद्ग्रंथ २००० साली प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखन अशा प्रकाशित अभ्यासांवर, म्हणजेच दुय्यम साधनांवर आधारित आहे.

मेघवनाची घडण

शालेय भूगोलातील प्रतिरोध पावसाची आकृती सर्वांच्या परिचयाची आहे. समुद्रावरून आलेली बाष्पयुक्त हवा डोंगराला अडते, वर चढते, थंड होते, बाष्पाचे सांद्रीभवन होते आणि पाऊस पडतो. मॉन्टेव्हर्डे येथे हीच आकृती लागू पडते, परंतु तिच्यात एक महत्त्वाची भर घालावी लागते. कॅरिबियन समुद्रावरून येणारे व्यापारी वारे प्रथम सखल मैदान ओलांडतात आणि मग तिलारान पर्वतरांगेवर चढतात. तेथे ढग तयार होण्याची पातळी डोंगरमाथ्याच्याही खाली येते. परिणामी ढग डोंगराच्या वर राहत नाही, तो झाडांमधून वाहतो.

ढगातील थेंब इतके सूक्ष्म असतात की ते स्वतःच्या भाराने खाली पडत नाहीत. वाऱ्याबरोबर ते आडवे प्रवास करतात. पाने, शेवाळी, फांद्यांवरून लोंबणारे तंतू हे त्यांच्या मार्गात येतात, त्यांवर थेंब साचतात, एकमेकांत मिसळून जड होतात आणि मग जमिनीवर टपकतात. या पाण्याला अभ्यासक 'आडवा पाऊस' म्हणतात. उघड्यावर ठेवलेल्या साध्या पर्जन्यमापकात त्याची पुरेशी नोंद होत नाही, कारण तो झाडाने गाळून घेतलेला असतो. म्हणूनच मेघवन तोडले तर केवळ लाकूड वा सावली जात नाही, ढगातून पाणी काढण्याचे साधनच नष्ट होते. वरून पडणारा पाऊस झाड नसले तरी पडू शकतो, पण आडव्या पावसाला अडवायला झाड लागते.

आपल्याकडील आंबोली किंवा महाबळेश्वर येथील पावसाळी धुक्याशी याची तुलना करण्याचा मोह होतो. ती काही अंशीच खरी आहे. सह्याद्रीवरील ढग नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतात आणि त्यांच्याबरोबरच जातात. त्यानंतरचे कित्येक महिने माथा उघडा आणि कोरडा असतो. मॉन्टेव्हर्डे येथे साधारण मे ते ऑक्टोबर हा मुख्य पावसाळा आहे. परंतु व्यापारी वाऱ्यांचा जोर त्यानंतरच वाढतो, आणि पाऊस थांबल्यावरही हे वारे धुके व झिमझिम माथ्यावर आणत राहतात. तेव्हा वर्षभरात किती पाऊस पडला यापेक्षा कोरड्या महिन्यांत ढग येतो की नाही, यावर या जंगलाचे जीवन अवलंबून असते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जगाच्या भूपृष्ठापैकी जेमतेम ०.४ टक्के क्षेत्रावर मेघवने आहेत, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक मोजणीत दिसून आले. तेवढ्या जागेत पक्षी, सस्तन प्राणी, उभयचर आणि वृक्षनेचे यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे १५ टक्के जाती आढळतात.

मुक्कामाचा अनुभव

राजधानी सॅन होजेपासून मॉन्टेव्हर्डे सुमारे दीडशे किलोमीटर असले तरी प्रवासास साडेतीन-चार तास लागतात. अखेरचा चढाचा रस्ता अगदी अलीकडेपर्यंत कच्चा होता. तो कच्चाच राहावा असे मानणारा मोठा गट गावात होता, हे आपल्या वाचकांस नवलाचे वाटेल. खडबडीत रस्त्यामुळे सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा पर्यटक येत नाही. जो येतो तो राहण्यासाठीच येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो व्यवहार्य होता. मात्र आजारी माणसाला त्याच रस्त्याने दवाखान्यात न्यावे लागे, ही दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. रस्ता पुढे टप्प्याटप्प्याने पक्का झाला.

निवासांची उंची साधारण १,४०० मीटर. तेथे वातानुकूलन यंत्र लागत नाही, पंखाही बहुधा नसतो. पांघरूण मात्र जाड असते. लाकडी भिंती, पत्र्याचे छप्पर आणि त्यावर रात्रभर वाजणारे झाडांचे टपटपणे. हवेतील आर्द्रता एवढी की धुतलेला सदरा दोन दिवसांत वाळत नाही, पुस्तकाची पाने फुगतात आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी धरण्याची भीती असते. स्वच्छतागृहात कागद भांड्यात न टाकता शेजारच्या टोपलीत टाकावा अशी सूचना लावलेली असते. पाहुण्यांना ती विचित्र वाटते. गावात मलवाहिन्यांचे जाळे नाही आणि शोषटाकीची क्षमता बेताची आहे, एवढाच तिचा अर्थ. टोपलीवरची ती चिठ्ठी म्हणजे इको-लॉजमधील सर्वांत प्रामाणिक मजकूर होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रात्री वाटाड्याबरोबर विजेरी घेऊन जंगलात फिरण्याची सोय असते. पानांच्या खालच्या बाजूस बसलेले, पोटाची त्वचा पारदर्शक असणारे काचबेडूक, बिळाच्या तोंडाशी थांबलेला टॅरँटुला कोळी, फांदीवर पिसे फुगवून झोपलेले पक्षी दाखवले जातात. पहाटेची फेरी प्रामुख्याने क्वेट्झल या पक्ष्यासाठी असते. नराचा हिरवा रंग, लाल पोट आणि शरीरापेक्षा लांब शेपटीची पिसे यांमुळे तो प्रसिद्ध आहे. त्याचे खाद्य मुख्यतः रानटी अव्होकॅडोच्या कुळातील झाडांची फळे. तो फळ सबंध गिळतो आणि बी ओकून टाकतो, त्यामुळे त्या झाडांचा प्रसार होतो. घरटे तो कुजलेल्या, उभ्या वाळलेल्या खोडात करतो. म्हणजे ज्या खोडाला आपला वनखात्याचा मक्तेदार निरुपयोगी ठरवील, त्यावरच गावाचे पर्यटन उभे आहे.

परंतु पाहुण्याला जे दाखवले जाते त्यापेक्षा डोक्यावर जे असते ते शास्त्रीयदृष्ट्या अधिक मोलाचे आहे. मेघवनातील जुन्या झाडाच्या फांद्या उघड्या नसतात. शेवाळी, नेचे, ऑर्किडे, अननसाच्या कुळातील ब्रोमेलियाड अशा अपिवनस्पतींचा जाड थर त्यांवर असतो. अपिवनस्पती आधारासाठी झाडावर राहतात. त्या बांडगुळासारख्या झाडाचा रस शोषत नाहीत. त्यांचे मृत भाग कुजून फांदीवरच माती तयार होते. नलिनी नाडकर्णी यांनी या थराचा अभ्यास दोर बांधून झाडावर चढून केला. आडनाव पाहून मराठी वाचक थबकेल म्हणून सांगावयाचे, त्यांचे वडील भारतातून अमेरिकेत गेले होते. काही झाडे आपल्याच फांद्यांतून मुळे काढून या माथ्यावरच्या मातीतील अन्नद्रव्ये घेतात, हे त्यांनी १९८१ साली दाखवून दिले. जे झाड जमिनीतून खाते असे आपण शिकवतो, ते वरूनही खाते. पुढे मॉन्टेव्हर्डे येथे त्यांनी काही फांद्यांवरील हा थर खरवडून काढला आणि तो पुन्हा किती काळात येतो याची नोंद ठेवली. पहिली काही वर्षे त्या फांद्या जवळजवळ उघड्याच राहिल्या. पाहुण्याच्या खोलीत कुंडीतील शोभा म्हणून ठेवलेला शेवाळाचा गोळा जंगलातून आला असेल, तर त्याची किंमत या नोंदीवरून करावी.

निवासामागील जमीन

मॉन्टेव्हर्डे येथे आधी संरक्षण झाले आणि पर्यटन नंतर आले. इतकेच नव्हे, तर हे संरक्षण पक्ष्यांसाठी वा पाहुण्यांसाठी झालेच नव्हते.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील फेअरहोप या गावी क्वेकर पंथीयांची एक वसाहत होती. हा पंथ युद्धविरोधी. सक्तीच्या लष्करी भरतीसाठी नाव नोंदवण्यास नकार दिल्याबद्दल त्यांच्यापैकी चार तरुणांना १९४९ साली तुरुंगवास झाला. सैन्याला कर न देता राहता येईल अशा देशाचा शोध सुरू झाला. कोस्टा रिकाने डिसेंबर १९४८ मध्ये आपले सैन्यच विसर्जित केले होते. १९५१ साली काही कुटुंबांनी मॉन्टेव्हर्डे येथे जमीन घेतली, गाई पाळल्या आणि चीज तयार करण्याचा कारखाना उभारला. उतारावरील जंगल तोडून कुरणे करण्यात ते आणि त्यांचे कोस्टा रिकन शेजारी दोघेही सहभागी होते. वसाहतीची भलामण करताना ही गोष्ट सहसा गाळली जाते. मात्र माथ्याकडील साधारण साडेपाचशे हेक्टर जंगल त्यांनी एकत्रितपणे बाजूला ठेवले. कारण साधे होते. ग्वासिमाल नदीचे उगम त्या जंगलात होते, आणि शेतीचे पाणी व छोटे वीजकेंद्र त्या प्रवाहांवर चालत असे.

पुढे संशोधनासाठी आलेले पक्षिशास्त्रज्ञ जॉर्ज पॉवेल आणि वसाहतीतील विल्फोर्ड ग्विंडन यांच्या प्रयत्नांतून १९७२ साली ३२८ हेक्टरांचे अभयारण्य सुरू झाले. त्याचे व्यवस्थापन ट्रॉपिकल सायन्स सेंटर या कोस्टा रिकन संस्थेकडे आले. पाण्यासाठी राखलेले जुने जंगलही नंतर त्याच व्यवस्थापनाखाली देण्यात आले. आज हे अभयारण्य चार हजार हेक्टरांच्या पुढे गेले आहे. १९८७ साली स्वीडनमधील एका ग्रामीण शाळेतील लहान मुलांनी जंगल विकत घेण्यासाठी पैसे जमवण्यास सुरुवात केली. ती मोहीम ४४ देशांतील मुलांपर्यंत पोहोचली आणि तीतून 'मुलांचे चिरंतन वर्षावन' उभे राहिले. बावीस हजारांहून अधिक हेक्टरांचे हे वन कोस्टा रिकातील सर्वांत मोठे खाजगी राखीव क्षेत्र आहे.

या विस्ताराला शास्त्रीय निकड होती. पॉवेल यांनी क्वेट्झल पक्ष्यांच्या अंगावर लघुप्रक्षेपक बसवून त्यांचा माग घेतला. वीण आटोपल्यावर हे पक्षी मेघवन सोडतात, प्रथम पॅसिफिक उतारावरील खालच्या जंगलांत उतरतात आणि नंतर जलविभाजक ओलांडून कॅरिबियन बाजूस जातात, असे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले. म्हणजे पाहुणा ज्या पक्ष्याला पाहण्यासाठी येतो तो वर्षातील बराच काळ अभयारण्याबाहेर, कोणा शेतकऱ्याच्या बांधावरील झाडांवर जगतो. लॉजच्या भोवतीची हिरवी जागा कितीही नीटनेटकी असली तरी ती या पक्ष्याला पुरत नाही.

आपल्यासारख्या अध्यापकांच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय उदाहरण शेजारच्या सांता एलेना गावचे आहे. तेथील ३१० हेक्टरांचे मेघवन अभयारण्य १९९२ पासून गावच्या शासकीय तांत्रिक विद्यालयाच्या मंडळामार्फत चालवले जाते. प्रवेशशुल्कातून जंगलाची देखभाल होते आणि शाळेच्या गरजाही भागवल्या जातात. शाळेच्या मालकीचे क्रीडांगण आपण पाहिले आहे. शाळेने चालवलेले जंगल ही कल्पना पचनी पडण्यास थोडा वेळ लागतो.

सोनेरी भेक आणि ढगाची उंची

मॉन्टेव्हर्डेच्या माथ्यावरील काही मोजक्या चौरस किलोमीटरांत सोनेरी भेक ही उभयचराची जाती राहत असे. जगात अन्यत्र ती कोठेही नव्हती. जे सॅव्हेज यांनी १९६६ साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. नर एकरंगी झळझळीत नारिंगी, मादी काळसर व तिच्यावर पिवळ्या कडेचे लाल ठिपके. पावसाच्या आरंभी काही दिवसच हे भेक जमिनीखालून बाहेर येत आणि मुळांच्या बेचक्यांत साचलेल्या डबक्यांत अंडी घालत. १९८७ च्या हंगामात मार्था क्रम्प यांनी दीड हजारांहून अधिक भेक पाहिले. डबकी लवकर आटली आणि बहुतेक अंडी वाया गेली. १९८८ मध्ये मोजकेच भेक दिसले. १९८९ च्या मे महिन्यात एकच नर दिसला. त्यानंतर कोणालाही दिसलेला नाही. २००४ साली ही जाती नामशेष असल्याचे जाहीर झाले.

नष्ट होणारी ती एकटीच नव्हती. सुमारे ३० चौरस किलोमीटरांच्या अभ्यासक्षेत्रातील बेडूक व भेकांच्या ५० जातींपैकी २० जाती त्याच सुमारास दिसेनाशा झाल्या. अॅलन पाउंड्स व सहकाऱ्यांनी १९९९ साली याचा संबंध ढगांशी जोडला. सागरपृष्ठाचे तापमान वाढल्याने ढगांचा तळ वर सरकत आहे आणि कोरड्या ऋतूतील धुक्याविनाचे दिवस वाढत आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच काळात सखल भागातील टुकॅन पक्षी वर येऊन क्वेट्झलच्या शेजारी घरटी करू लागल्याचीही नोंद झाली.

२००१ साली रॉबर्ट लॉटन, उदयशंकर नायर व सहकाऱ्यांनी दुसरा दुवा पुढे आणला. उपग्रहचित्रांत निकाराग्वाकडील जंगल असलेल्या सखल भागावर ढग दाट दिसत, तर लगतच्या कोस्टा रिकातील जंगलतोड झालेल्या मैदानावर ते विरळ दिसत. डोंगराकडे येणारी हवा वाटेतच कोरडी व उष्ण होत असेल, तर माथ्यावरचे जंगल अबाधित राखूनही ढग वर सरकेल.

या दोन्ही मतांना २०१० साली एका वेगळ्या पुराव्याने मर्यादा घातली. केव्हिन अँकुकायटिस व मायकेल इव्हान्स यांनी तेथील झाडांच्या लाकडातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून शतकभराच्या आर्द्रतेचा अंदाज बांधला. त्यात दीर्घकालीन शुष्कीकरणाचा कल स्पष्ट दिसला नाही. १९८६-८७ चा एल निनोशी निगडित दुष्काळ मात्र तीव्र असल्याचे दिसले. त्वचेवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीने उभयचरांचा संहार केला आणि दुष्काळामुळे उरलेल्या ओल्या जागी ते दाटीने एकत्र आल्याने तिचा प्रसार सुलभ झाला असावा, अशी मांडणीही केली जाते. पर्यटन पुस्तिकांत सोनेरी भेक 'हवामान बदलाचा पहिला बळी' म्हणून येतो. हे विधान वर्गात सांगताना वाद अजून मिटलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. एवढे मात्र निर्विवाद आहे की भेक नाहीसा झाला तेव्हा त्याचे जंगल पूर्णपणे संरक्षित होते. कुंपण, पहारेकरी, प्रवेशशुल्क, संशोधक हे सर्व जागच्या जागी होते.

निवासाचा जमाखर्च

अभयारण्याच्या आरंभकाळी वर्षाला काहीशे लोक येत. १९९० च्या दशकाच्या आरंभी ही संख्या पन्नास हजारांच्या आसपास गेली. या वाढीची जमेची बाजू नाकारण्याजोगी नाही. कुरणापेक्षा उभे जंगल अधिक पैसे देते हे शेतकऱ्याला दिसू लागले. वाटाड्या, स्वयंपाकी, चालक ही कामे गावातील स्त्री-पुरुषांना मिळाली. १९९६ च्या वनकायद्याने इंधनावरील कराच्या पैशातून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला देण्याची पद्धत देशभर सुरू झाली, तिचीही साथ मिळाली.

खर्चाच्या बाजूस पहिली नोंद पाण्याची करावी लागते. जी वस्ती पाण्याच्या उगमासाठी जंगल राखून उभी राहिली, तेथेच पाहुण्यांच्या आंघोळीची व चादरींची मागणी उगमांवर येते. आणि पर्यटनाचा ऐन हंगाम कोरड्या महिन्यांतच असतो. सांडपाण्याची स्थिती याहून नाजूक. स्नानगृह व स्वयंपाकघरातील पाणी सांता एलेना-मॉन्टेव्हर्डे परिसरात सर्रास उघड्या गटारांतून ओढ्यांत सोडले जाई. स्ट्युअर्ट डॅलस व सहकाऱ्यांनी या पाण्यासाठी वनस्पतींच्या वाफ्यांतून गाळण्याची स्वस्त पद्धत तेथे उभारून पाहिली आणि तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केले. वाफ्यांत लावलेली वनस्पती होती कसई, म्हणजेच आपल्या ओढ्याकाठी वाढणारा, ज्याच्या टणक बियांच्या माळा करतात तो रानजोंधळा. निवासाच्या मागे असा वाफा आहे की नाही, हे दर्शनी भागातील बांबूच्या कमानीपेक्षा अधिक काही सांगते.

कोस्टा रिकाच्या पर्यटन संस्थेने १९९७ साली शाश्वत पर्यटनाचे प्रमाणपत्र सुरू केले. त्याच्या मूळ रचनेत एक ते पाच 'पाने' देऊन निवासांची प्रतवारी होत असे. परिसर, इमारत व तिची यंत्रणा, पाहुण्यांचा सहभाग आणि स्थानिक समाज अशी चार अंगे तपासली जात. अन्य देशांतील नमुन्यांच्या मानाने ही योजना गंभीर होती. तरीही प्रमाणपत्राची दृष्टी निवासाच्या आवारापुरती असते. लॉटन यांनी दाखवलेले तळातील मैदान वा पाउंड्स यांनी मांडलेले समुद्राचे तापमान कोणत्याही पानात बसत नाही. पाहुणा ज्या विमानाने आला तेही बसत नाही. मुंबईहून निघालेल्यास युरोप वा अमेरिकामार्गे अर्धी पृथ्वी ओलांडावी लागते. दोन रात्री टॉवेल न बदलल्याने त्या इंधनाची भरपाई होते असे मानणे हा अंकगणिताचा अपमान ठरेल.

दुसरा धोका अवलंबित्वाचा. मार्च २०२० मध्ये कोरोना साथीमुळे कोस्टा रिकाने परदेशी पर्यटकांसाठी सीमा बंद केल्या. ऑगस्टपासून त्या हळूहळू उघडल्या. त्या महिन्यांत प्रवेशशुल्कावर चालणाऱ्या खाजगी अभयारण्यांचे उत्पन्न आटले, पण पहारेकऱ्यांची गरज आटली नाही. शिकारीचा धोका पर्यटक नसतानाच वाढतो. ज्यांनी आपले सर्व उत्पन्न एका खोलीच्या भाड्यावर टांगले त्यांना ही सुट्टी महाग पडली; दोनचार गाई आणि कॉफीचा मळा राखलेली कुटुंबे तुलनेने सावरली असतील, असा तर्क करता येतो.

तारेला लटकून जंगलावरून वेगाने जाण्याचा खेळ याच परिसरात १९९० च्या दशकात व्यवसाय म्हणून रुजला. झाडाच्या शेंड्यांचा अभ्यास करण्यासाठी संशोधकांनी वापरलेल्या दोरांचे हे वंशज. त्याविषयी प्रस्तुत लेखकाचे मत अनुकूल नाही. ताशी वेगाने माथ्यावरून गेलेल्या माणसाला फांदीवरची माती दिसत नाही.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हे सर्व नव्याने घडू पाहत आहे. आंबोली परिसरातून २००९ साली 'झॅन्थोफ्राइन टायग्रिना' या भेकाचे प्रथम शास्त्रीय वर्णन झाले. अत्यंत मर्यादित क्षेत्रात राहणाऱ्या या जातीचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत होतो. ती पावसाळ्याच्या आरंभी सड्यावरील उथळ डबक्यांत अंडी घालते, आणि नेमके त्याच सुमारास धुके पाहण्यासाठी वाहनांची रीघ लागते.

आमच्या विभागात पर्यटन भूगोलाच्या प्रकल्पासाठी वापरली जाणारी प्रश्नावली यंदा बदलली आहे. पूर्वी तीत खोल्यांची संख्या, दर, पाहुण्यांचे समाधान असे प्रश्न होते. आता प्रारंभी तीन प्रश्न येतात : निवासाचे पाणी कोणत्या झऱ्यातून वा विहिरीतून येते, एप्रिल-मे महिन्यांत ते कोठून आणतात, आणि स्नानगृहातील पाणी शेवटी कोठे जाते. पहिल्या दोहोंची उत्तरे विद्यार्थ्यांना बहुधा खोलीत बसूनच मिळाली. तिसऱ्यासाठी त्यांना घरामागे जाऊन नळीच्या टोकापर्यंत उतरावे लागले, आणि तेथे काय दिसले याचे रेखाचित्र प्रत्येकाने प्रकल्पवहीत जोडावे असे सांगितले आहे.